फुकटचं पुस्तक लावायला कॉलेज पैसे देतंय. अर्ज करावा का?

मधुमालती | सोमवार, २१:०५

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी सहा वर्षं प्राथमिक सांख्यिकी शिकवते. अ‍ॅडजंक्ट आहे, म्हणजे सेमिस्टरला जेवढे वर्ग पदरात पडतील तेवढ्याचे पैसे, उन्हाळ्यात हरी हरी. सध्याचं पुस्तक अ‍ॅक्सेस कोडसकट दीडशे डॉलरला पडतं. ऑनलाइन गृहपाठ उघडायचा हा कोड एकदाच चालतो, त्यामुळे जुनं पुस्तक घेऊन भागत नाही. दर सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी वर्ग सुटल्यावर टेबलाशी घुटमळतं आणि विचारतं, "माझा पगार पुढच्या शुक्रवारी होतो, तोपर्यंतचा गृहपाठ उशिरा दिला तर चालेल का?"

गेल्या आठवड्यात आमच्या लायब्ररीची मेल आली. महागडं पुस्तक काढून त्याजागी मुक्त परवान्याचं फुकट पुस्तक लावलं तर दीड हजार डॉलर. अशा पुस्तकात फेरफार करून आपल्या कोर्सची आवृत्ती तयार केली तर तीन हजार. काम उन्हाळ्यात संपवायचं, पुढची दोन सेमिस्टर तेच पुस्तक लावायचं, जे काही तयार कराल ते पुन्हा मुक्त परवान्याखालीच ठेवायचं आणि शेवटी निकालाच्या आकड्यांसकट अहवाल द्यायचा.

मन होतंय, पण माझ्या स्लाइड्स, प्रश्नपेढी, चाचण्या सगळं त्या जुन्या पुस्तकाला बांधलेलं आहे. शिवाय सप्टेंबरमध्ये मला हा वर्ग मिळेलच याची खात्री कॉलेज देत नाही. नवरा म्हणतो तासांचा हिशोब मांड. लेक स्वतः कॉलेजात आहे, ती म्हणते आई तू अजून अर्ज केला नाहीस??

इथे कुणी हे केलंय का? किती तास जातात?

शेंगदाणाकूट | सोमवार, २१:०९

मी पहिला! (आता वाचतो.)

कोकणकडा | सोमवार, २१:४०

एक बाळबोध शंका. पुस्तक फुकट आहे ना? मग लावा आणि मोकळ्या व्हा. पुस्तक बदलायचेही पैसे मागायचे म्हणजे कमाल आहे. आमचे सर एक खडू आणि एक फडकं एवढ्यावर तीस वर्षं शिकवून गेले.

उंटावरून_शेळ्या | सोमवार, २१:४८

कोकणकडा, तीस वर्षं एकाच वहीवरून शिकवलं असणार. त्या वहीला पण मुक्त परवाना द्यायला हवा होता, पिवळी पडेपर्यंत पिढ्यानपिढ्या फिरलीच होती ती. (हलके घ्या.)

अटलांटावासी | मंगळवार, ०६:२०

मला नाव घेऊन हाक मारल्यासारखं वाटलं. मी जॉर्जियात फिजिक्स शिकवतो. आमच्या राज्याच्या युनिव्हर्सिटी सिस्टिमने २०१४ मध्ये 'अफोर्डेबल लर्निंग जॉर्जिया' सुरू केलं, त्यातून शिक्षकांच्या गटांना अशा ग्रँट मिळतात. आम्ही तिघांनी मिळून एक घेतली होती. माणशी पाच हजारांपर्यंत मिळत असत, त्यामानाने तुमचे तीन हजार थोडे कमी वाटले. पण मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने अ‍ॅमहर्स्टला २०११ मध्ये असं पहिल्यांदा केलं तेव्हा कोर्सला एक हजारच देत होते आणि तेवढ्यावरही लोक पुढे आले.

कोकणकडांच्या शंकेचं उत्तर माझ्या वहीत आहे. पुस्तक निवडायला आम्हाला चार दिवस पुरले. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मुक्त पुस्तकांच्या प्रकल्पाचं कॉलेज फिजिक्स २०१२ पासून आहेच, ते उचललं. मग लक्षात आलं की जुन्या पुस्तकाच्या क्रमाने लावलेला आमचा सगळा अभ्यासक्रम उलटापालटा झालाय. प्रकरणांचे आकडे बदलले म्हणून प्रयोगवह्यांतले उल्लेख बदलले. प्रकाशकाची प्रश्नपेढी करार संपताच बंद, म्हणजे साडेतीनशे प्रश्न नव्याने लिहायचे, प्रत्येकाला उत्तर, आणि चुकीचे पर्यायसुद्धा असे की मूल कुठे चुकलं ते कळावं. स्लाइड्समधल्या प्रकाशकाच्या आकृत्या काढून टाकायच्या. जी नवी आकृती टाकाल तिचं शब्दांत वर्णन लिहायचं, कारण वर्गात न दिसणारा विद्यार्थी असू शकतो आणि त्याचं सॉफ्टवेअर ते वर्णन वाचून दाखवतं. 'कलत्या पृष्ठभागावरचा ठोकळा' हे चित्र न बघता समजेल असं चार ओळींत लिहून बघा, मग बोलू.

माझे स्वतःचे १६० तास झाले. पाच हजार भागिले १६०, तासाला ३१ डॉलर. तुम्हाला १२० तास लागले असं धरलं तर तासाला २५ पडतात.

कोकणकडा | मंगळवार, ०८:०२

बरं बाबा, माघार. पैसे पुस्तकाचे नाहीत, उन्हाळ्याचे आहेत असं दिसतंय.

खमंग_काकडी | मंगळवार, ०८:१५

टॅक्स विसरलात. आमच्याकडे ही रक्कम पगारातूनच येते, कापून हातात येते तेव्हा २५ चे १८-१९ उरतात. मुलांची शिकवणी घेतली तर याच्या दुप्पट मिळतात. तरी मी केलं आणि पुन्हा करेन, पण 'ग्रँट मिळाली' म्हणून घरात पेढे वाटू नका.

एबीसी_चौक | मंगळवार, ०९:३०

हे सगळं वाचताना पुण्यातली इंजिनिअरिंगची वर्षं आठवली. दीडशे डॉलरचं पुस्तक म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात सिनियरची पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची, मे मध्ये तिथेच पाव किमतीत विकायची. उरलेलं झेरॉक्स. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रत्येक विषयाची 'मास्टर कॉपी' असायची आणि कुठल्या सरांचं काय 'इम्पॉर्टंट' आहे हे सरांपेक्षा त्याला जास्त माहीत असायचं.

चष्मिष्ट | मंगळवार, १०:११

सध्या अमेरिकेत मास्टर्स करतोय. खरं सांगू? वर्गातली निम्मी मुलं पुस्तक विकत घेत नाहीत, पीडीएफ कुठून येतात ते विचारू नका. पण अ‍ॅक्सेस कोडची पीडीएफ निघत नाही, तिथेच गोची होते. कारण गृहपाठाला वीस टक्के गुण आणि गृहपाठ त्या कोडच्या आत. म्हणजे गुण मिळवायचे असतील तर आधी तिकीट काढा. मधुमालती मॅम, प्लीज अर्ज करा.

जुनाजाणता | मंगळवार, १०:५०

पीडीएफवरून आठवलं. आम्ही ९८ साली इकडे आलो तेव्हा बॅगेत लोणचं, प्रेशर कुकर आणि सात जाडजूड पुस्तकं. सगळ्यांच्या मलपृष्ठावर 'फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथे विक्रीसाठी' असं काहीबाही छापलेलं. तीच पुस्तकं इथल्या दुकानात ऐंशी-नव्वद डॉलरला. कस्टमवाल्याने बॅग उघडली तेव्हा मला लोणच्याची काळजी होती, रूममेटला पुस्तकांची.

पुढे यावर खटलाच झाला. एक थाई विद्यार्थी घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून इथे विकायचा. वायली प्रकाशनाने त्याच्यावर दावा लावला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१३ च्या मार्चमध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. परदेशात कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकत घेतली की ती पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याचा.

उंटावरून_शेळ्या | मंगळवार, ११:०४

आणि लोणच्याचं काय झालं?

जुनाजाणता | मंगळवार, ११:०६

जप्त. वरच्या कोर्टात जायची ऐपत नव्हती.

तिरफळ | मंगळवार, २०:३०

दुसरी बाजू मांडते, मग हाणा मला. मी अकरा वर्षं शैक्षणिक प्रकाशनात संपादनाचं काम केलं (कुठे ते सांगत नाही). चांगल्या पाठ्यपुस्तकाच्या एका आवृत्तीवर लेखकांखेरीज विषयतज्ज्ञ, उदाहरणं तपासणारे, चित्रकार, सूची करणारे, प्रश्नपेढी लिहिणारे अशी फौज असते. रात्री दोन वाजता गृहपाठाची साइट बंद पडली तर फोन उचलणारं माणूस असतं. हे सगळे पगारी आहेत. ओपनस्टॅक्सची पुस्तकं वाचकाला फुकट पडतात, पण ती तयार करायला ह्यूलेट, गेट्स अशा फाउंडेशनांचा पैसा लागलाच ना? उद्या फाउंडेशनला दुसरा विषय आवडला तर पुढची आवृत्ती कोण काढणार? तुमचं कॉलेज तीन हजार एकदाच देणार. तीन वर्षांनी आकडेवारीची उदाहरणं शिळी झाली की ती बदलायला कोण येणार? मधुमालतीच, फुकटात.

आणि प्रकाशक झोपलेले नाहीत. हल्ली बऱ्याच कॉलेजांत 'इन्क्लुझिव्ह अ‍ॅक्सेस' आहे. डिजिटल पुस्तक पहिल्या दिवसापासून सगळ्यांना, पैसे थेट फीच्या बिलात, आणि दर बाजारापेक्षा कमी.

खमंग_काकडी | मंगळवार, २०:५२

तिरफळताई, देखभालीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण इन्क्लुझिव्ह अ‍ॅक्सेस म्हणजे लग्नातल्या आहेरासारखं आहे, न विचारता यादीत नाव. नको असेल तर मुदतीत कळवून बाहेर पडायचं, आणि ती मुदत कुणाच्या लक्षात राहत नाही. सेमिस्टर संपलं की बहुतेक वेळा पुस्तकही गायब. पैसे भरून पुस्तक आपलं होत नसेल तर ते भाडं झालं.

किमतींबद्दलही बोला की. अमेरिकी सरकारच्या कामगार आकडेवारी खात्याच्या हिशोबाने २००६ ते २०१६ या दहा वर्षांत कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती ८८ टक्के वाढल्या. सूची करणाऱ्यांचे पगार तेवढे वाढले का?

तिरफळ | मंगळवार, २१:०१

माझा तर नाहीच वाढला. 😄 म्हणून तर 'केलं' असं भूतकाळात लिहिलंय.

पाणिनीचा_पणतू | बुधवार, ०७:१५

वर सगळे 'फुकट' आणि 'मुक्त' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरताहेत म्हणून मध्ये तोंड घालतो. बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पण आतलं पान उघडा: मंडळाच्या संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग उद्धृत करता येणार नाही. हे झालं फुकट, पण मुक्त नाही. मुक्त म्हणजे काय ते डेव्हिड वायली नावाच्या अभ्यासकाने पाच क्रियापदांत सांगितलंय. मराठीत म्हणायचं तर जवळ ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, वाटा. पाचही हक्क हवेत. (या वायलींचा वरच्या खटल्यातल्या वायलींशी संबंध नाही, नियतीचा विनोद.)

मधुमालती, तुम्ही फेरफाराचा पर्याय घेणार असाल तर परवान्यांवर आधी डोळे रोखा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत आणि त्यांच्या शेपटीतली अक्षरं महत्त्वाची. नुसतं 'बीवाय' असेल तर श्रेय द्या आणि हवं ते करा. 'एनडी' असेल तर हातच लावू नका, बदललेली प्रत वाटता येत नाही, भाषांतरही नाही. 'एसए' म्हणजे तुम्ही जे बनवाल तेही त्याच परवान्याखाली. 'एनसी' म्हणजे त्यातून धंदा करायचा नाही. यात मेख अशी की 'बीवाय-एसए' असलेलं प्रकरण आणि 'बीवाय-एनसी-एसए' असलेलं प्रकरण यांचं एकजीव मिश्रण करून वाटताच येत नाही, कारण दोघेही म्हणतात माझंच शेपूट लाव. एक मित्र चार महिने असं मिश्रण करत बसला आणि शेवटी लायब्ररीने परत पाठवलं.

शेंगदाणाकूट | बुधवार, ०७:४०

म्हणजे सासर आणि माहेर दोन्हीकडची आडनावं एकदम लावता येत नाहीत. कळलं.

बर्फाळ_मी | बुधवार, ०९:२५

कॅनडातून हजेरी. आमच्या ब्रिटिश कोलंबियात सरकारने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की सर्वांत जास्त विद्यार्थी असलेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कोर्ससाठी ४० मुक्त पुस्तकं उभी करू. त्यांचा पहिला खर्च लिहिण्यावर नव्हता, वाचण्यावर होता! शिक्षकाला मानधन देऊन मुक्त पुस्तकाचं परीक्षण लिहायला सांगायचे. मिनेसोटा विद्यापीठाच्या ओपन टेक्स्टबुक लायब्ररीचीही अशीच पद्धत, कार्यशाळेला बसा, एका पुस्तकाचं परीक्षण लिहा, २०० डॉलर घ्या. गंमत म्हणजे परीक्षण लिहिण्यासाठी पुस्तक वाचलं की निम्मी शंका तिथेच मिटते. मधुमालतीताई, तुमच्या कॉलेजात असं काही असेल तर आधी ते करा, मग मोठ्या अर्जाचं ठरवा.

अवांतर: ज्या कोर्सला पुस्तकाचा खर्च शून्य त्याला इथे 'झेड क्रेड' म्हणतात. अमेरिकनांना 'झी' म्हटल्यावर यमक जुळत नाही म्हणून चिडवतो आम्ही.

रिकामा_रकाना | बुधवार, १३:१०

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, सीएचबी. अ‍ॅडजंक्ट हा शब्द आज कळला, दुःख जुनंच निघालं. आमच्याकडे ग्रँट म्हटलं की एकच प्रश्न येतो, तुम्ही ग्रँटेडवर की नॉन-ग्रँटेडवर? शिक्षकाला पुस्तक बदलायला पैसे मिळतात हे स्टाफरूममध्ये सांगितलं तर चहा नाकातून बाहेर आला एकाच्या.

अभ्यासक्रम बदलला की बाजारात पंधरा दिवसांत 'सुलभ', 'संपूर्ण' आणि 'अपेक्षित' अशा तिन्ही अवतारांत पुस्तकं हजर. पन्नास-साठ पानांचं असतं, दीडशे रुपयांचं असतं, मुलं तेच घेतात. ते वाईट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. चांगलं मी लिहू शकतो. पण मे महिन्यात माझा पगार शून्य असतो आणि तेव्हाच लिहायला वेळ असतो. तेवढ्या एका महिन्याचे पैसे कुणी दिले तर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची सांख्यिकी मराठीत, मुक्त परवान्याखाली, लिहून देतो. हे लिहून ठेवा.

मधुमालती | बुधवार, १८:४५

रिकामा_रकाना, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. व्यक्तिगत निरोप केलाय.

बाकी सगळ्यांचे आभार. माझा हिशोब असा: दोन वर्ग, प्रत्येकी २८ मुलं, दीडशे डॉलर. म्हणजे सेमिस्टरला ८,४०० डॉलर मुलांचे वाचतात आणि कॉलेज एकदाच तीन हजार घालतं. असं बघितलं तर सौदा कॉलेजला फारच स्वस्त पडतोय.

उंटावरून_शेळ्या | बुधवार, १९:०२

सांख्यिकीच्या बाईंनी असा हिशोब करावा? चष्मिष्टने वर सांगितलंय ना की निम्मे विकत घेतच नाहीत. कुणी भाड्याने, कुणी मित्राचं, कुणी देवाच्या भरवशावर. विद्यार्थी गुणिले छापील किंमत हा आकडा बातमीत छान दिसतो, पण तेवढे पैसे कुणाच्या खिशात खरंच राहिले नाहीत.

मधुमालती | बुधवार, १९:१०

मान्य, कान पकडले. कोड सक्तीचा असल्यामुळे माझ्या वर्गात बहुतेकांना घ्यावाच लागतो, तरी ८,४०० ही वरची मर्यादा समजा.

अटलांटावासी | बुधवार, २१:३०

उं.शे., मुद्दा बरोबर, पण त्यातूनच दुसरा निघतो. जो घेतच नव्हता त्याचे पैसे वाचले नाहीत, त्याला पुस्तक मिळालं! फ्लोरिडात सरकारी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची मोठी पाहणी २०१६ मध्ये झाली, त्यात जवळपास दोन तृतीयांश मुलांनी सांगितलं की किमतीमुळे कधी ना कधी पुस्तक घेतलं नाही.

आणि २०१८ मध्ये आमच्या जॉर्जिया विद्यापीठातला अभ्यास आला. एकवीस हजारांहून जास्त विद्यार्थी, त्याच शिक्षकांचे ओपनस्टॅक्स लावण्याआधीचे आणि नंतरचे वर्ग. सरासरी गुण वाढले, नापास होणारे आणि कोर्स सोडणारे कमी झाले. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या मुलांत हा फरक जास्त दिसला.

उंटावरून_शेळ्या | बुधवार, २१:५५

तोच शिक्षक असला तरी नवं पुस्तक लावताना त्याने सगळा कोर्स झाडून पुसून घेतला असणार. तुम्हीच वर १६० तासांचं वर्णन केलंय. मग फरक पुस्तकाचा की त्या १६० तासांचा? आधीच्या वर्षापेक्षा शिक्षकही एका वर्षाने अनुभवी झालेला असतो.

अटलांटावासी | बुधवार, २२:१०

बऱ्यापैकी त्या तासांचा, असं मलाही वाटतं. मग तर ग्रँट देणं जास्तच बरोबर नाही का? एरवी कोर्स झाडून पुसून घ्यायला मला कुणी दमडी दिली नसती.

एबीसी_चौक | गुरुवार, ०९:०५

माझ्या झेरॉक्सच्या प्रतिसादावर कुणीच बोललं नाही म्हणून मीच पुढे नेतो. 😄 दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये खटला भरला होता. शिक्षकांनी ठरवलेल्या वाचनाच्या प्रकरणांचे गठ्ठे बांधून दुकानदार विकायचा. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही ते तत्त्व मान्य केलं आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्यामुळे आपल्याकडे मुक्त पुस्तकाची निकड तेवढी जाणवत नाही. झेरॉक्सनेच प्रश्न सोडवलाय.

पाणिनीचा_पणतू | गुरुवार, ०९:४०

अर्धाच सोडवलाय. झेरॉक्स वाचता येते, बदलता येत नाही. इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स काढली म्हणून ते मराठीत होत नाही. मुक्त परवाना असेल तर रिकामा_रकाना त्याचं मराठी रूपांतर उद्यापासून सुरू करू शकतात, कुणाला पत्र न लिहिता. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, मुक्त परवान्याखाली. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ साइटवर अभियांत्रिकीची पुस्तकं भारतीय भाषांत उतरवून घेता येतात. कमी आहे ते शिक्षकाने आपल्या वर्गापुरतं कापून-शिवून घेण्याचं. त्यासाठी वेळ लागतो, म्हणजे पुन्हा रिकामा_रकाना यांचा मे महिना.

कोकणकडा | गुरुवार, ११:१५

मराठी सांख्यिकी म्हणजे ते 'बहुलक' आणि 'प्रमाण विचलन' ना? मी तेव्हाच शाळा सोडली.

रिकामा_रकाना | गुरुवार, ११:४०

बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेली किंमत. या धाग्यात 'फुकट' हा शब्द बहुलक आहे. झालं की नाही सोपं?

कोकणकडा | गुरुवार, ११:४३

_/\_ पुस्तक लिहाच.

खमंग_काकडी | गुरुवार, २०:२०

मूळ प्रश्नाकडे येते. गणित-सांख्यिकीवाल्यांचं नशीब चांगलं आहे. मायओपनमॅथ बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या पिअर्स कॉलेजच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने केलेली गृहपाठाची व्यवस्था आहे, मुलांना फुकट, आकडे दर मुलाला वेगळे, उत्तर लगेच तपासून मिळतं. अ‍ॅक्सेस कोडचं कंबरडं इथेच मोडतं, आणि तुमच्या १२० तासांतले निदान चाळीस वाचतात. रात्री दोन वाजता फोन उचलणारं कुणी नाही हे खरं, तिरफळताई. पण रात्री दोनला गृहपाठ करणाऱ्यांनी तशीही झोपायला हवं.

पुस्तकासाठी ओपनस्टॅक्सचं इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स बघा. ते मुळात कॅलिफोर्नियातल्या दे अँझा या कम्युनिटी कॉलेजच्या दोन शिक्षिकांनी आपल्या वर्गासाठी लिहिलेलं. पुढे एका फाउंडेशनने त्याचे हक्क विकत घेऊन ते मोकळं केलं. म्हणजे तुमच्यासारख्याच मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे.

आणि एक, जे अनुभवाने शिकले. अ‍ॅडजंक्ट असाल तर एकटीने अर्ज करू नका. पूर्णवेळ सहकाऱ्याला बरोबर घ्या. सप्टेंबरमध्ये वर्ग तुम्हाला नाही मिळाला तरी तो कुणीतरी शिकवणारच आहे, त्याने तेच पुस्तक लावावं हे विभागाच्या बैठकीत लिहून घ्या. अर्धे पैसे काम सुपूर्द केल्यावर, अर्धे अहवालावर, असं मागा. दुसऱ्या सेमिस्टरच्या अहवालावर सगळी रक्कम अडकली आणि मध्येच वर्ग गेला तर पत्रव्यवहार करत बसाल. मी बसले होते.

तिरफळ | गुरुवार, २०:४१

याला माझं अनुमोदन. आणि अर्जात दरवर्षीच्या डागडुजीचे दहा तास वेगळे दाखवा. देणार नाहीत, पण कागदावर राहू द्या.

मधुमालती | तीन आठवड्यांनी, रविवार, १६:३०

अपडेट. अर्ज गेला आणि मंजूर झाला! खमंग_काकडी म्हणाल्या तसंच केलं. एका पूर्णवेळ सहकाऱ्याला बरोबर घेतलं, पैसे दोन हप्त्यांत मागितले. कॉलेजने हप्ते मान्य केले. 'वर्ग मिळाला नाही तरी पहिला हप्ता परत मागणार नाही' असं ग्रंथपालबाईंनी मेलवर लिहून दिलं. डागडुजीचे दहा तास मात्र खोडले, तिरफळताईंचं भाकीत अचूक.

परवाना 'बीवाय' ठेवतेय. सध्या पहिल्या तीन प्रकरणांशी झटापट चालू आहे. अमेरिकन फुटबॉलपटूंच्या वजनांचं एक उदाहरण आहे, ते काढून त्याजागी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी जमवलेले बसच्या उशिराचे आकडे घालतेय, मिनिटांत, नव्वद दिवसांचे. बसस्टॉपवर उभ्या राहिलेल्या मुलीला प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, समजवावं लागत नाही. आतापर्यंत ३४ तास झालेत, अटलांटावासींसारखी वही केली आहे. आलेखांचं शब्दांत वर्णन करण्यातच त्यातले नऊ गेले. तुमचा ठोकळा आठवला.

रिकामा_रकाना यांच्याशी बोलणं झालंय. मूळ पुस्तक ज्या क्रमाने मी कापतेय त्याच फायली त्यांना पाठवतेय. ते पहिलं प्रकरण मराठीत करून बघताहेत. त्यांना या कामाचे पैसे कोण देणार याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. इथल्या ग्रँटमधून बाहेरच्या माणसाला देता येत नाहीत, विचारून झालं.

अटलांटावासी | रविवार, १७:१०

अभिनंदन! बॉक्स प्लॉट या आलेखाचं वर्णन लिहाल तेव्हा मलाही पाठवा, मी तिथे हरलो होतो.

रिकामा_रकाना | रविवार, २२:०५

पहिल्या प्रकरणाची सतरा पानं झाली. 'सॅम्पल'ला 'नमुना' लिहिलं तर मुलं कापडाचा नमुना समजतात आणि 'प्रतिदर्श' लिहिलं तर काहीच समजत नाहीत. कौल द्या.

पाणिनीचा_पणतू | रविवार, २२:११

नमुना. भात शिजला का ते एका शितावरून बघतात, हे उदाहरण पहिल्याच ओळीत टाका.

कोकणकडा | रविवार, २२:१४

नमुना. मी स्वतः एक आहे.

शेंगदाणाकूट | सोमवार, ००:२०

आत्ता वाचून झाला धागा. नमुना. पुस्तकाची लिंक कधी मिळणार?

मधुमालती | सोमवार, ०६:५०

ऑगस्टच्या शेवटी, इथेच टाकते. चुका सापडल्या तर खाली लिहा, माझी आवृत्ती आहे, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होईल.